धाकट्या खलाची गाठ

थोरलीला थोरली म्हणणारं माणूस घरातून गेलं, त्याला अकरा आठवडे होत आले होते. नाव मात्र तिला चिकटलं ते चिकटलंच. शेजारीण तिला थोरलीच म्हणे, कोपऱ्यावरचा किराणावाला थोरलीच म्हणे, आणि आरशासमोर केस विंचरताना तिची तिलाही ती थोरलीच वाटे. कोणापेक्षा थोरली, हे विचारायच्या फंदात कोणी पडत नसे.

तिचं काम दगडाचं पीठ करायचं. एका मोठ्या संशोधन संस्थेत, तळमजल्यावरच्या लांबलचक बोळाच्या टोकाला एक खोली होती. दारावर ‘नमुना तयारी विभाग’ अशी पाटी होती, पण वरच्या मजल्यावरचे शास्त्रज्ञसुद्धा त्या खोलीला गिरणी म्हणत. खोलीत तीन छोट्या विजेच्या भट्ट्या, एक मोरी, काचेच्या पेटीतला नाजूक काटा, एक लाकडी कपाट, आणि खिडकीला लागून थोरलीचं टेबल. खिडकीतून सायकली ठेवायची जागा दिसे. त्या टेबलाशी ती एकतीस वर्षं बसली होती. निवृत्तीला आठ महिने उरले होते.

“तुम्ही नेमकं काय करता हो?” असं कोणी नवखं माणूस विचारायचं.

“दळते.”

“काय दळता?”

“तारे,” ती म्हणायची, आणि मान वर न करता पुढचा चमचा खलात टाकायची.

थट्टा होती, पण अगदीच खोटी नव्हती. वरच्या मजल्यावरची माणसं नव्या जन्मलेल्या ताऱ्यांचा अभ्यास करत. तारा कित्येक प्रकाशवर्षं लांब, त्याला हात लावायची सोय नाही. म्हणून त्याच्याभोवती जी धूळ फिरते तशीच धूळ इथे तयार करायची, भट्टीत तापवायची, आणि दुर्बिणीतून दिसणाऱ्या उजेडाशी तिचा उजेड जुळतो का ते बघायचं. धूळ करायचं काम थोरलीचं. देवाने जग मांडायच्या आधी जे काही चाळलं असेल, त्याची नक्कल ती चमच्याचमच्याने करत होती, असं म्हटलं तरी चालेल.

घरी धाकटी शिवणकाम करायची. दोघी बहिणींनी लग्नं केली नाहीत. का केली नाहीत, हा शेजारणीचा आवडता विषय होता आणि तो तिलाच लखलाभ. दोन खोल्या, दोन खाटा, एक शिवणयंत्र. संध्याकाळी थोरली घरी आली की धाकटी यंत्रावरून न उठता विचारी, “आज काय दळलंस?” आणि थोरली सांगत बसे.

“नवा तारा होतो ना, त्याच्याभोवती धुळीची चकती फिरत असते. ताटासारखी. त्या धुळीचेच पुढे ग्रह होतात.”

“आपलाही?”

“आपलाही.”

“मग मी रोज झाडून काय काढते? सगळी धूळच की,” धाकटी म्हणायची.

“ऐक तरी. ताऱ्याताऱ्यांमधल्या पोकळीत जी धूळ असते ती काचेसारखी असते. आतल्या कणांना शिस्त म्हणून नाही, नुसती गर्दी. ती ताऱ्याजवळ गेली, तापली, की आतलं सगळं रांगेत उभं राहतं. स्फटिक होतो. साखरेचा रवा असतो ना, तसा. आता गंमत अशी, की हे रवे ताऱ्याजवळ सापडायला हवेत. पण बघावं तर थेट लांबच्या कडेला, गारठ्यातसुद्धा सापडतात. तिथे तापायला काही नाही. मग ते तिथे आले कसे, यावर सगळे भांडतायत.”

धाकटीच्या ओठांत कायम दोन-तीन टाचण्या धरलेल्या असत. त्यांच्या फटीतून ती म्हणाली होती, “इतकं काय त्यात? कोणीतरी नेऊन सोडले असतील. नाहीतर तिथेही एखादी चूल असेल, तुम्हाला दिसत नसेल.”

थोरलीला हसू आवरेना. “अगं, हेच दोन पक्ष आहेत! जन्म गेला लोकांचा त्यात. तू वरच्या मजल्यावर बसायला हवी होतीस.”

“मी बसले असते, पण मग यांच्या बाह्या कोण जोडणार?” असं म्हणून तिने यंत्र सुरू केलं होतं.

टाचण्यांचं एक कायमचं दुखणं होतं. धाकटी टाके सुंदर घाली, पण एक ना एक टाचणी कपड्यात विसरायचीच. गिऱ्हाइकं ओरडत येत. “अगं, परत?” असं थोरली म्हणे, आणि धाकटी उलट ऐकवी, “कपडा माझा आहे याची खूण आहे ती.”

थोरलीच्या कपाटात अकीक दगडाचे दोन खल होते. दुधट पांढरे, आत हात फिरवला तर बशीसारखे गुळगुळीत. एक ओंजळीएवढा, दुसरा तळहातात मावेलसा. मोठ्यात खडक वाटायचा, म्हणजे जो आधीच रवाळ आहे तो. लहानात फक्त काच, म्हणजे ज्याला अजून शिस्त लागलेली नाही ती. दोन्ही खल प्रत्येक वापरानंतर तीनदा धुवायचे: एकदा स्वच्छ वाळू वाटून, एकदा आम्लाने, एकदा स्पिरिटने. पण कितीही धुतलं तरी अकिकाला डोळ्याला न दिसणारे चरे पडतात आणि त्यात एखादा कण बसून राहतोच. म्हणून मोठ्यात काच कधी वाटायची नाही. हा नियम तिला तिच्या आधीच्या बाईंनी शिकवला होता, आणि तिने वीस वर्षांपूर्वी, थट्टेतच, एका खलाला थोरला आणि दुसऱ्याला धाकटा म्हणायला सुरुवात केली होती. संस्थेत ती नावं रूढ झाली. नोंदवहीत ‘खल’ या रकान्यात ती खडकासाठी ‘थो.’ आणि काचेसाठी ‘धा.’ लिही. तिच्या वहीत कधी खाडाखोड नसे. कोणाचा आकडा जुळेना झाला की वरच्या मजल्यावरचे साहेब म्हणत, “गिरणीची वही बघा. तिथे लिहिलंय ते खरं.”

जवळजवळ बारा आठवड्यांपूर्वी, म्हणजे सगळं नीट असताना, एका संध्याकाळी तिने दोन्ही खल फडक्यात गुंडाळून गुपचूप घरी आणले होते. नियमात ते बसत नव्हतं. धाकटीने मापं घेतली आणि दोन्हींना जाड सुती कापडाच्या, तोंडाशी नाडी असलेल्या पिशव्या शिवल्या. शिवून झाल्यावर खल आत ठेवून स्वतः गाठी मारल्या. धाकटी डावखुरी. तिची गाठ उलट्या बाजूने वळे आणि शेवटचं टोक आत खुपसलेलं असे. “घ्या,” ती म्हणाली, “थोरल्याला नि धाकट्याला नवे कपडे.”

दुसऱ्या दिवशी थोरली कामावर गेली, थोरल्याची गाठ सोडली, खडक वाटला. दुपारी शेजारणीचा फोन आला, की धाकटी यंत्रावर डोकं टेकून बसलीये आणि बोलत नाहीये. पुढचे सहा दिवस रुग्णालयाच्या बाकावर गेले. सातव्या दिवशी ते बाकही संपलं.

थोरलीने रजेचा अर्ज आधीच पाठवला होता. कारणाच्या जागी ‘घरगुती’ लिहिलं होतं. पुढे ते बदलायचं तिला सुचलं नाही. दहाव्या दिवशी ती गिरणीत येऊन बसली. कोणी काही विचारलं नाही, कारण कोणाला काही ठाऊक नव्हतं, आणि तिला ते सोयीचंच पडलं. ‘धाकटी गेली’ हे दोन शब्द तिने अजून एकदाही तोंडाने उच्चारले नव्हते. शेजारणीनेच फोन केले होते, तिनेच चार माणसं गोळा केली होती. थोरली नुसती मान हलवत होती.

रडू येईल म्हणून तिने वाट पाहिली. आलं नाही. पावसात भिजून घरी आल्यावर बोटं बधिर होतात, सुई धरली तरी धरलीये की नाही कळत नाही, तसं तिचं सगळ्याच बाबतीत झालं होतं. भाजी आळणी झाली तरी कळत नव्हतं, खारट झाली तरी कळत नव्हतं. सकाळी देवापुढे हात जोडून ती नेहमीची प्रार्थना म्हणे. शब्द सगळे पाठ होते. पण औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी वाचावी तसे ते तोंडातून निघून जात. तरी तिने म्हणणं सोडलं नाही. देवाला चालत असेल, असं तिला वाटे, किंवा तसं वाटावं असं वाटे.

यंत्रावर एक निळा सदरा अर्धा शिवलेला तसाच होता. त्याच्या एका बाहीवर टाचण्या. थोरली त्याच्या बाजूने रोज झाडू मारी.

याच आठवड्यांत वरच्या मजल्यावर एका मुलीचं नशीब उघडत होतं. ही मुलगी चार वर्षं संशोधन करत होती. दिवसभर तिची टकळी चालू, म्हणून थोरलीने तिचं नाव चिमणी ठेवलं होतं आणि तिला ते आवडलं होतं. चिमणीचं म्हणणं असं, की काचेच्या धुळीचा रवा व्हायला लोक समजतात तितकी उष्णता लागत नाही. ते खरं ठरलं, तर ताऱ्यापासून बरंच लांबही धूळ तिथल्या तिथे स्फटिक होऊ शकेल. कोणी नेऊन सोडायची गरज नाही. चार वर्षं तिची धूळ काही मनावर घेत नव्हती. आणि आता, गेल्या दहा आठवड्यांत, एकामागून एक नमुने नेहमीपेक्षा पन्नास अंश कमी उष्णतेवर रवाळ व्हायला लागले होते.

नमुना रवाळ झाला की नाही हे आलेखावर कळतं. काच असेल तर आलेखात एक गोलसर टेकडी येते. रवे झाले की त्याच टेकडीतून टोकदार सुळके वर येतात. गिरणीत त्याला ‘दात येणं’ म्हणत. पहिल्यांदा तो सुळका दिसला तेव्हा चिमणी दोन जिने धावत उतरून आली होती.

“ताई! दात आला! बाळाला दात आला!”

“बरं झालं,” थोरली म्हणाली होती. “आता चावायला लागेल.”

“तुम्ही हसत का नाही आहात?”

“हसतेय की,” थोरली म्हणाली, आणि खल पुसत राहिली.

चिमणीची संस्थेतली मुदत महिनाअखेर संपत होती. ती वाढायची तर काहीतरी छापून यायला हवं. साहेबांनी तिच्याबरोबर निबंध लिहून तयार केला आणि शुक्रवारी पाठवायचं ठरवलं. चार वर्षांत एकही निकाल नसलेल्या मुलीला दुसरीकडे कोणी दारात उभं करत नाही, हे गिरणीतल्या भट्ट्यांनासुद्धा माहीत होतं.

बुधवारी सकाळी चिमणी खाली आली. “ताई, साहेब म्हणतात पाठवायच्या आधी आणखी एक नमुना तयार ठेवू. कोणी शंका काढलीच तर असावा हाताशी. दोन चमचे काच वाटून द्याल?”

“ठेव तिथे.”

“तुम्हाला काय आणू बाहेरून? निबंध गेला की मी सगळ्या बोळाला चहा पाजणार आहे. साहेबांनाही. ते नाही म्हणाले तर त्यांच्या खिशात ओतणार आहे.”

“आधी जाऊ दे तरी.”

चिमणी गेली. थोरलीने कपाट उघडलं, हात घातला आणि पिशवी बाहेर काढली. काढताना पिशवी कपाटाच्या कडेला अडकली, मागचं काहीतरी सरकलं आणि पुढे आलं. लहान पिशवी. तिच्यावर धुळीचा पातळ थर होता. गिरणीत सगळ्यावरच धूळ बसते, त्यात नवल नव्हतं. पण नाडी बांधलेली होती. गाठ उलट्या बाजूने वळलेली. टोक आत खुपसलेलं.

थोरली बराच वेळ त्या गाठीकडे बघत राहिली. मग तिने हातातल्या पिशवीकडे पाहिलं. ती थोरल्याची होती.

तिने वही उघडली. अकरा आठवड्यांत चिमणीची काच नऊ वेळा वाटली होती. नऊच्या नऊ ठिकाणी तिच्याच अक्षरात, सुबक, ‘धा.’ लिहिलेलं होतं. वीस वर्षं काचेपुढे धा. लिहायची हाताला सवय, हाताने लिहिलं. आणि खल मात्र पुढचा उचलला. सकाळी त्यात खडक, दुपारी त्यातच काच. तळहाताएवढं भांडं ओंजळीएवढं झालं होतं, तेही नऊ वेळा, आणि तिला कळलं नव्हतं. की कळलं होतं? कुठेतरी कळलंच असणार. कपाटात मागे हात घालून ती गाठ सोडायची नाही, एवढं हाताने परस्पर ठरवून टाकलं होतं, तिला न विचारता.

पाक करताना एक साखरेचा दाणा भांड्याच्या कडेवरून आत पडला, तर सगळा पाक साखरतो. दाणा शोधून सापडत नाही, पण पाक काही पुन्हा पातळ होत नाही. बाकीच्यांना तो एक दाणा रांग कशी लावायची ते दाखवून देतो, आणि मग सगळे त्याचं बघून उभे राहतात. चिमणीच्या काचेत थोरल्याच्या चऱ्यातले खडकाचे रवे पडले होते. एवढे थोडे, की न तापवलेल्या नमुन्याच्या आलेखात ते दिसलेही नाहीत. धूळ कमी उष्णतेला स्वतःहून रवाळ झाली नव्हती. तिला शिकवणारं आत कोणीतरी होतं.

थोरलीने दोन्ही पिशव्या कपाटात ठेवल्या, दार लावलं आणि खुर्चीवर बसली. आता भीती वाटेल, असं तिला वाटलं. तिने वाट पाहिली. खिडकीबाहेर कोणीतरी सायकलचं कुलूप उघडत होतं. भीती आली नाही. लाजही आली नाही. नुसतं कळलेलं होतं, मेजावर ठेवलेल्या दगडासारखं.

गुरुवारी तिने तब्येतीचं कारण सांगून सुट्टी घेतली आणि दिवसभर घरात बसून राहिली. ती काही बोलली नाही, तर कोणालाही कधीही कळणार नव्हतं. वहीत धा. लिहिलेलं होतं, आणि गिरणीच्या वहीत असतं ते खरं. पिशवीची गाठ सोडून टाकली की झालं. दोन मिनिटांचं काम. चिमणी राहील. सगळ्या बोळाला चहा मिळेल. आणि जगात कुठेतरी, कोणीतरी त्या निबंधावर भरवसा ठेवून आपली चार वर्षं घालवेल.

बोलली, तर चिमणीची चार वर्षं इथेच संपणार. शिवाय साहेब विचारतील, असं झालं कसं. मग ते दोन शब्द बोलावे लागतील. खरं तर थोरलीला त्याचंच ओझं जास्त वाटत होतं, आणि त्याबद्दल तिला स्वतःचा राग यायला हवा होता. तोही आला नाही.

संध्याकाळी शेजारीण डोकावली. “तो निळा सदरा कोणाचा गं? माणूस दोनदा येऊन गेला माझ्याकडे. अर्धा तर अर्धा, दे म्हणतो.”

“अर्धा कसा देऊ?”

“मग पुरा कर. नाहीतर सांग तरी त्याला.”

“सांगते,” थोरली म्हणाली. शेजारीण गेल्यावर तिने देवापुढे हात जोडले, प्रार्थना म्हटली आणि शेवटी, जे कधी म्हणत नसे ते म्हणाली, “मला काही वाटत नाहीये. पण करायचं काय ते मला कळतंय. तेवढ्यावर चालवून घे.”

शुक्रवारी सकाळी ती जिने चढून साहेबांच्या खोलीत गेली. ती वर सहसा येत नसे. साहेब चष्मा कपाळावर ठेवून पडद्याकडे बघत होते, शेजारी चिमणी नव्या कपड्यांत.

“या या ताई!” साहेब म्हणाले. “शुभकार्याला घरातलं मोठं माणूस हवंच. आता एक कळ दाबायची, की गेला निबंध.”

“साहेब, पाठवू नका.”

“का? शुद्धलेखन राहिलं?”

“काच थोरल्यात वाटली गेलीय. नऊही वेळा.”

चिमणी हसली. “ताई, काहीतरीच! मी स्वतः वही बघितलीय. धा. आहे सगळीकडे.”

“वही चुकलीय.”

“तुमची वही?”

“माझी.”

साहेबांनी चष्मा खाली घेतला. “हे तुम्हाला आज कसं कळलं?”

“परवा कळलं. धाकट्याची गाठ सुटलेलीच नाही, साहेब. पिशवी शिवून आणल्यापासून. गाठ धाकटीने मारलेली, तशीच आहे.”

“कोण धाकटी?” चिमणीने विचारलं.

खोलीत पंखा फिरत होता. थोरलीने टेबलाची कड धरली. कड थंड होती, एवढं तिला कळलं.

“माझी बहीण,” ती म्हणाली. “धाकटी गेली.”

“कुठे गेली?” चिमणी म्हणाली आणि तोंडातून शब्द निघाल्यावर तिने ओठ दाबले.

“कधी?” साहेबांनी विचारलं.

“येत्या सोमवारी अकरा आठवडे होतील.”

“पण अर्जात तुम्ही घरगुती कारण...”

“घरगुतीच होतं,” थोरली म्हणाली.

 मग चिमणी बोलली, आणि तिचा आवाज नेहमीचा नव्हता. “म्हणजे माझा दात खोटा. एक नाही, नऊच्या नऊ. ताई, महिनाअखेरीला मी जायची आहे, तुम्हाला माहीत होतं ना? माहीत होतं ना?”

“होतं.”

“एक गाठ! चार वर्षं, आणि एक गाठ सोडायची राहिली म्हणून...” ती खिडकीकडे वळली. “मला तुमच्या बहिणीचं वाईट वाटायला हवं. वाटतही असेल. पण आत्ता मला काही बोलू नका.”

“नाही बोलत,” थोरली म्हणाली.

साहेबांनी पडद्यावरचा निबंध बंद केला. माणूस रागावला की ओरडतो, किंवा गोड बोलतो. साहेब कामाचं बोलत. “खाली जा. नऊ नोंदी दुरुस्त करा. पद्धत तुम्हीच पोरांना शिकवता. खरडून टाकायचं नाही, पांढरा रंग फासायचा नाही. एकच रेघ, शेजारी खरं काय ते, आणि तारीख. खाली काय होतं ते वाचता आलं पाहिजे.” थांबून म्हणाले, “मग तीच काच धाकट्यात वाटा. तीच भट्टी, तीच उष्णता. आजच. आपल्याला कळलं पाहिजे.”

थोरली खाली आली. वही उघडली, पट्टी घेतली. पहिल्या ‘धा.’वरून रेघ ओढली आणि शेजारी ‘थो.’ लिहिलं. मग दुसऱ्या. धाकटीवर काट, शेजारी थोरली. नऊ वेळा. शेवटच्या नोंदीपर्यंत अक्षर जसंच्या तसं सुबक.

मग तिने लहान पिशवी काढून टेबलावर ठेवली. चिमणी केव्हा दारात येऊन उभी राहिली ते तिला कळलं नाही. डोळे लाल होते, हातात कात्री होती.

“कापून टाकू?”

“नको. सुटेल.”

उलटी गाठ उजव्या हाताला समजत नाही. थोरलीने डाव्या हाताने टोक शोधलं, आतून बाहेर ओढलं, मग वळण उलगडलं. नाडी सैल झाली. सोडून झाल्यावर तिने तिच्याकडे पाहिलं. साधी नाडी होती, वळणाच्या जागी जराशी चुरगळलेली. पिशवीचं तोंड रुंद करून तिने हात आत घातला आणि झटकन बाहेर काढला.

“अगं, परत?” ती म्हणाली.

ती इतकी ठसक्यात म्हणाली, की चिमणी एक पाऊल मागे सरली. “मी काय केलं?”

 थोरली बोटाकडे बघत होती. बोटाच्या टोकाशी रक्ताचा ठिपका वर आला होता आणि दुखत होतं. चांगलंच दुखत होतं. पिशवीच्या शिवणीत, आतल्या बाजूला, टाचणी होती.

“थांबा, रक्त पडेल खलात,” चिमणी म्हणाली आणि कपाटातली पट्टी शोधायला लागली. सापडली तशी तिने थोरलीच्या बोटाला गुंडाळली, गरजेपेक्षा जरा घट्टच. “हातमोजा घाला वरून. आणि थांबा, खल परत धुवा. लोखंड होतं शेजारी.”

“धुते. तीनदा.”

“मी बघत बसणार आहे.”

“बस,” थोरली म्हणाली.

तिने खल धुतला. वाळू, आम्ल, स्पिरिट. मग काच वाटली, चाळली, वजन केलं, वाटीत भरून भट्टीत ठेवली. चिमणी स्टुलावर बसून सगळं बघत होती, आणि एक अक्षर बोलली नाही. 

चार दिवस भट्टी चालली. पाचव्या दिवशी आलेख आला. गोल टेकडी. पोट धरून झोपलेल्या मांजरासारखी गोल. सुळका नाही, दात नाही, काही नाही. साहेबांनी उष्णता पन्नास अंश वाढवून दुसरा नमुना लावायला सांगितला. त्याला दात आले, नेहमीसारखे, जिथे यायला हवेत तिथे.

चिमणी गोल टेकडीचा कागद घेऊन खाली आली आणि थोरलीच्या टेबलावर ठेवला.

“बोळकं निघालं बाळ,” ती म्हणाली. मग ती खिडकीतल्या सायकलींकडे वळली. “म्हणजे रवे तिथे आपोआप होत नाहीत. कोणीतरी नेऊनच सोडले असतील.”

थोरलीने मान वर केली. धाकटीचे शब्द या मुलीला कोणी सांगितलेले नव्हते.

“साहेब काय म्हणाले?” तिने विचारलं.

“मुदतीसाठी पत्र लिहितात म्हणे. तीन महिन्यांसाठी. मिळेलच असं नाही. निकाल नाही, नुसती चूक सापडल्याचा निकाल.” चिमणीने नाक ओढलं. “मला अजून तुमचा राग आहे.”

“असू दे.”

“किती दिवस असेल माहीत नाही.”

“असेल तितके दिवस असू दे,” थोरली म्हणाली. “काच आणलीयस?”

चिमणीने खिशातून बाटली काढून टेबलावर ठेवली आणि वर गेली.

थोरलीने काच वाटली, धुवायचं ते धुतलं, खल पुसून पिशवीत ठेवला. नाडी ओढून घेतली आणि डाव्या हाताने उलटी गाठ मारून बघितली. दोनदा प्रयत्न केला. वळण येईना, टोक आत जाईना. तिसऱ्यांदा तिने आपली नेहमीची, सरळ गाठ मारली. बोट दाबलं गेलं की अजून जरासं दुखत होतं. टाचणी तिने वहीच्या पुठ्ठ्याला आतून टोचून ठेवली होती. घरी निळा सदरा होता, त्याला एक बाही लावायची राहिली होती, आणि त्या माणसाला सांगायचं होतं.

तिने वही पुढे ओढली आणि त्या दिवसाची नोंद लिहिली: ‘काच, दोन चमचे. खल: धा. धुतला, तीनदा. गाठ माझी.’